तिसरा विराम

डिचोली तालुक्यातील नागरिकांना बेथोवनची पाचवी सिंफनी ठाऊक नाही, ही बाब एका मंगळवारी शासनाच्या निदर्शनास आली. पेडणे तालुक्याला ती त्याआधीच्या शुक्रवारपर्यंत ठाऊक झाली होती. पेडणेकरांनी अकरा दिवसांत शंभर टक्के उद्दिष्ट गाठले. त्यांच्या यादीत सहा जण आखातात आणि दोघे दिवंगत होते, तरी श्रवणात कोणी मागे राहिले नाही. डिचोलीचा आकडा शून्य होता.

संगीत साक्षरता कक्ष नावाचे एक कार्यालय आहे, हे मला त्यांच्या पत्रावरूनच कळले. 'प्रारंभिक श्रोत्यांस जगप्रसिद्ध वाद्यवृंदरचनेचा परिचय' या योजनेखाली आमच्या आमोणे गावाची निवड झाली होती. आमोणे यशस्वी झाले की सुर्ला, पाळी आणि बाकीची गावे, आणि मग तालुक्याला 'सिंफनी-साक्षर' म्हणून घोषित करायचे. पत्राच्या शेवटी परिचयकार म्हणून माझे नाव होते.

माझेच का, ते सांगायला हवे. तीस वर्षांपूर्वी मी एका दैनिकात सदर लिहीत असे. ते विनोदी आहे असे संपादकांचे मत होते आणि ते त्यावर शेवटपर्यंत ठाम राहिले. एकदा कचेरीत पणजीतल्या एका वाद्यवृंदाचा दोघांसाठीचा फुकट पास आला. दुसरे कोणी जाईना, म्हणून मी आणि माझी पत्नी रुक्मिणी गेलो. पाचव्या मिनिटाला मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, मीही उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या सिंफनीवर मी दीड कॉलम लिहिला. त्यात 'नियती', 'झंझावात' आणि 'मानवी आत्मा' हे शब्द होते. त्या लेखानंतर मी गावात जाणकार झालो.

त्या एका झोपेवर मी तीस वर्षे काढली. कुठल्या पूजेला लाऊडस्पीकर लागला की लोक म्हणत, भाऊंना हे सोसायचे नाही, त्यांचे कान वेगळे. मग मी डोळे मिटून एक सुस्कारा टाकत असे. माझ्या विनोदांना गावात कोणी कधी हसले नाही. निवृत्त झाल्यावर सदर गेले आणि सदराबरोबर नावही गेले. हातात उरली ती एवढीच अब्रू, की भाऊंना इंग्लिश संगीत कळते. बेथोवन जर्मन होता, पण आमच्याकडे कोट घालून वाजवले की ते इंग्लिश. ही अब्रू गेली असती तर माझ्याकडे दुसरी नव्हती.

"तुम्ही नको म्हणून कळवा," रुक्मिणी म्हणाली. "त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत मी होते. तुमची सिंफनी मी ऐकलीय."

मी होकार कळवला.

परिचयकाराने चार पानी पुस्तिका लिहायची होती. रचना एकदा ऐकून मग लिहावे, असे माझ्याही मनात आले होते. पण ती तेहतीस मिनिटांची आहे असे समजले, आणि दुपारी तेहतीस मिनिटे खुर्चीत शांत बसलो तर काय होते, हे मला माहीत होते. मी न ऐकताच लिहिले. नियती, झंझावात आणि मानवी आत्मा तयारच होते. सिंफनीचे चार भाग असतात, ही माहिती एका जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर मिळाली. त्यावरून मी वाक्य लिहिले: 'या रचनेचे चार भाग असून त्यांमध्ये तीन विराम आहेत.' हाताच्या चार बोटांमध्ये तीन फटी असतात. त्यासाठी बोटे ऐकावी लागत नाहीत.

कक्षाला पुस्तिकेतले हे एकच वाक्य आवडले, कारण ते मोजता येत होते. मानवी आत्म्यासाठी प्रपत्रात रकाना करता येत नाही. विरामासाठी येतो. म्हणून प्रपत्र 'क' असे तयार झाले: विराम एक, शांततेत पाळला, होय किंवा नाही. विराम दोन, तसेच. विराम तीन, तसेच. तिन्ही 'होय' आले की श्रोता साक्षर. माझी पुस्तिका छापून सगळ्या तालुक्यांत गेली. पेडण्याने तर आपले जुने अहवाल परत मागवले आणि मागच्या तारखेने तीन-तीन विराम पाळून दिले.

आमच्या वाचनालयाच्या सभागृहात पहिले श्रवण ठरले. सुमंगला ही आमची ग्रंथपाल. तिच्याकडे ध्वनियंत्र, हजेरी आणि चहा ही तीन खाती होती. कक्षाचे तालुका समन्वयक गौरेश प्रभू जातीने हजर होते. हा माणूस इतका नम्र होता, की त्याला नाही म्हणायला तोंड उघडले की आपल्यालाच वाईट वाटे.

योजना प्रारंभिक श्रोत्यांसाठी असल्याने आधी प्रत्येकाने लिहून द्यायचे होते: 'मी आजतागायत कोणतेही संगीत ऐकलेले नाही.' आता आमोण्यात चतुर्थीला चामडे ताणलेले मातीचे घुमट वाजू लागले की पाळण्यातले पोरसुद्धा समेवर हात आपटते. पण संगीत ऐकलेला माणूस योजनेत बसत नव्हता. गावातल्या चाळीस जणांनी सह्या केल्या. त्यांत पहिली सही भिकाजीची होती.

भिकाजी माझ्याच वयाचा. नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जीवर त्याने उमर काढली, आणि चाळीस वर्षे देवळातल्या भजनी सप्त्यात पखवाज वाजवला. त्याच्या ठेक्यावर गायला मिळावे म्हणून डिचोलीहून बुवा येतात.

"भाऊ," कागद हातात घेऊन तो म्हणाला, "ही सही केली की चाळीस वर्सांचें वाजवप पुसून वतलें?"

"फक्त शासनापुरते," मी म्हटले.

"मगे जाता. शासनान तें खंय आयकलां?" असे म्हणून त्याने सही ठोकली.

मी परिचय करून दिला. सुरुवातीचे चार ठोके म्हणजे नियती दारावर थाप मारते आहे, असे गंभीर आवाजात सांगितले. सभागृहात जरा चुळबुळ झाली.

"भाऊ, दार बडयता तो गांवचो न्हय," मागून सुमंगला म्हणाली. "गांवचो आसलो तर आंगणांतल्यान हाक मारतलो. नाजाल्यार मागल्या दारान भितर येतलो."

"बँकेचो आसतलो," कोणीतरी म्हणाले.

"ना तर शिरगणतीचो."

"मगे उगडूंच नये," असा सर्वानुमते ठराव झाला, आणि गौरेशनी तो 'श्रोत्यांचा सक्रिय सहभाग' म्हणून नोंदवून घेतला.

यंत्र सुरू झाले. लोक ऐकत होते. खोटे का सांगू, फार चांगले ऐकत होते. भिकाजीची बोटे पहिल्या मिनिटापासून गुडघ्यावर होती. मी मात्र जागे राहण्यासाठी खिशातली किल्ली तळहातात रुतवत होतो. पहिला भाग दणक्यात संपला आणि सभागृहात शांतता पडली. विराम एक.

इथे सप्त्याचा नियम सांगावा लागेल. आमचा सप्ता एकाच दिवसाचा, देवळात चोवीस तास भजन चालते. गावातल्या प्रत्येक वाड्याला, म्हणजे वस्तीला, दोन-दोन तास वाटून दिलेले असतात. एक वाडा उठतो, दुसरा बसतो, पण मध्ये खंड पडता कामा नये. समई विझली तर परत लावता येते, भजनात खंड पडला तर त्याला उपाय नाही, असे मानतात. म्हणून वाडा बदलताना उठणाऱ्यांतला एक जण ठेका धरून मागे थांबतो. गाणारे जातात, नवे गाणारे येऊन टेकतात, टाळ या हातातून त्या हातात जातात, आणि तोवर हा एकटा हळूहळू वाजवत असतो. आमोण्यात हे काम चाळीस वर्षे भिकाजीकडे आहे.

बेथोवन थांबला आणि सभागृहात खंड पडला. भिकाजीने पुढची खुर्ची ओढली आणि तिच्या प्लास्टिकच्या पाठीवर ठेका धरला. त्याने विचार करून केले नाही. ठेच लागली की हात पुढे जातो, तसे ते झाले. उरलेल्या एकोणचाळीस जणांनी नामाचा गजर उचलला. यंत्रातला दुसरा भाग संथ आणि हळुवार आहे, असे म्हणतात. त्या दिवशी तो कोणाला ऐकू आला नाही.

"विराम एक, शांततेत पाळला नाही," गौरेश दुःखाने म्हणाले आणि श्रवण तहकूब झाले.

आठवड्याने कक्षाचे परिपत्रक आले. आमोणे येथील श्रोत्यांत विराम-क्षमतेचा अभाव आढळल्याने त्यांना तीन दिवसांचे विराम-प्रशिक्षण द्यावे. त्यात संगीत असणार नव्हते, नुसतेच विराम. रोज संध्याकाळी चाळीस माणसे वाचनालयात येऊन काही न ऐकता बसत. कुकरच्या शिट्ट्या मोजायची सवय असलेल्या सुमंगलाने घरून घड्याळ आणले. पहिल्या दिवशी नऊ सेकंद, दुसऱ्या दिवशी चाळीस, तिसऱ्या दिवशी पूर्ण दोन मिनिटे. या प्रशिक्षणाला संगीतापेक्षा जास्त गर्दी झाली. शेजारच्या वाड्यावरून बायका येऊ लागल्या. घरात इतकी शांतता मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खबरदारी म्हणून सभागृहातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या काढून जमिनीवर सतरंजी घालण्यात आली, आणि भिकाजीला दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसण्याची लेखी सूचना मिळाली.

दुसरे श्रवण झाले. मी जाणकाराप्रमाणे डोळे मिटले आणि झोपलो; पुढचे सगळे नंतर सुमंगलाने सांगितले. पहिला विराम आला. चाळीस माणसे दगडासारखी बसली. गौरेशनी डोळे पुसत 'होय' लिहिले. दुसरा विराम आला, तोही पार पडला. आता तिसरा. भिकाजी श्वास रोखून, हात मांडीखाली दाबून त्याची वाट पाहत होता. सगळेच वाट पाहत होते. मग यंत्रातून एकदम तुताऱ्यांचा गजर झाला, तो बराच वेळ चालला आणि सिंफनी संपली.

सभागृहात कोणी हलले नाही. तिसरा विराम अजून यायचा आहे, असे समजून चाळीस जण बसून राहिले. सुमंगलाने शेवटी पंखा बंद केला.

"विराम तीन?" गौरेशनी विचारले.

"येवंक ना," भिकाजी म्हणाला.

रकाना रिकामा राहिला. कक्षाच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. सुर्ल्याहून आमची वाट न पाहताच तीन विराम आले होते, पाळीहूनही तीन आले होते, पेडण्याने तर दिवंगतांचेही तीन-तीन दिले होते. एकट्या आमोण्यात दोन निघाले. यावरून निष्कर्ष उघड होता: तिसरा विराम आमोणे पंचायत क्षेत्राच्या हद्दीत गहाळ झाला. सुमंगलाकडे खुलासा मागण्यात आला. ध्वनियंत्राचा पंचनामा झाला. पुढच्या सोमवारी जाहीर चौकशी ठरली, आणि तज्ज्ञ म्हणून मत द्यायला मला बोलावण्यात आले.

रविवारी सकाळी भिकाजी घरी आला. पोदेराच्या भट्टीतून आणलेले उंडे, म्हणजे गरम पाव, त्याच्या हातात होते. दारापुढच्या बाल्कांवात बसून त्याने रुक्मिणीने दिलेला चहा निम्मा केला आणि कप खाली ठेवला.

"बोल की," मी म्हटले.

"भाऊ, तो तिसरो विराम गहाळ जावंक ना. तो आसाच ना."

"पुस्तिकेत आहे."

"पुस्तिकेत आसा. वाजपांत ना." तो जरा पुढे सरकला. "तिसरो भाग सोंपता आनी सगळे वगी जातात, आवाज बारीक जाता. म्हाका दिसलें, आतां खंड पडटलो. पूण एकलो आसा थंय. एकलोच. ल्हवू ल्हवू बडयता. बाकीचे नुसतो एक सूर धरून रावल्यात, पूण हो सोडिना. धरून रावता, धरून रावता, आनी मगे दुसरे सगळे येवन बसतात, एकदम. भाऊ, तो वाडो बदलता. तो खंड पडूंक दिना."

त्याचा चेहरा असा उजळला होता, की मला त्याच्याकडे बघवेना.

"कोण कुठचो जर्मन," तो म्हणाला. "ताकाय ठावूक आसलें."

तो गेल्यावर रुक्मिणीने आपला मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "एकदा ऐकून तर बघा. आजच. मी चिमटे काढते."

"आणि भिकाजी बरोबर निघाला तर?"

"तर उद्या तसे सांगा. चूक झाली म्हणावे, दोनच आहेत. त्यात काय?"

त्यात काय, ते तिला कसे सांगणार? तीस वर्षे ज्याचे कान वेगळे, त्याने एका न वाजलेल्या गोष्टीला शिक्का मारून सगळ्या तालुक्यांत वाटली होती, आणि ती पकडली कोणी, तर ज्याने आयुष्यात संगीत ऐकले नाही असे लिहून दिले होते त्याने. ऐकले नाही तर मला निदान खरे माहीत नव्हते असे म्हणता येणार होते. मी मोबाइल उलटा करून ठेवला. रुक्मिणीने कप उचलले आणि काही न बोलता आत गेली. तिचे ते न बोलणे मात्र पूर्ण दोन मिनिटांचे होते.

सोमवारी सभागृह भरले होते. गौरेशनी प्रश्न वाचला. "सर, आपण या रचनेचे तालुक्यातील एकमेव जाणकार. विराम दोन की तीन?"

भिकाजी पहिल्या रांगेत होता. तो माझ्याकडे मोठ्या आशेने पाहत होता. त्याला वाटत होते, भाऊ आता समजावून सांगतील त्या एकट्या वाजवणाऱ्याबद्दल, आपल्याला जमले नाही तशा चांगल्या शब्दांत.

"तीन," मी म्हटले. "या ध्वनिमुद्रणात दोष असावा."

सुमंगलाने मान खाली घातली. गौरेशनी सुटकेचा श्वास सोडला आणि भिकाजीकडे वळले. "आपले काही म्हणणे?"

भिकाजी उठला. त्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटते, तेवढ्या वेळात त्याला सगळे कळले असावे. ठेका चुकलेला गवई त्याला नेहमी आधी कळतो, आणि अशा वेळी पखवाजवाल्याने काय करायचे असते तेही त्याला ठाऊक आहे. सांभाळून घ्यायचे असते.

"भाऊ म्हणतात तर तीन," तो म्हणाला. "म्हजें कितें? हांव प्रारंभिक. तुमच्याकडे सही आसा म्हजी."

पुढचे सगळे फार सुरळीत झाले. दोष ध्वनिमुद्रणाचा ठरल्याने ते दुरुस्त करणे प्राप्त होते. कक्षाने तिसरा भाग जिथे चौथ्यात मिसळतो तिथे, बरोबर मधोमध, अकरा सेकंदांची शांतता घातली. त्याला 'प्रमाणित प्रत' असे नाव देण्यात आले. मूळ प्रत सदोष म्हणून जप्त झाली. प्रमाणित प्रत सगळ्या तालुक्यांना रवाना झाली. ज्यांनी पूर्वी तीन विराम कळवले होते, त्यांचे अहवाल आता खरेही ठरले, ही जमेची बाजू.

घोषणेच्या समारंभात तालुक्याला सिंफनी-साक्षर म्हणून जाहीर करण्यात आले. मला शाल, श्रीफळ आणि 'विराम-मार्गदर्शक' अशी पदवी मिळाली. नंतर प्रमाणित प्रत वाजवण्यात आली. मी व्यासपीठावर होतो, आजूबाजूला पाहुणे होते, खांद्यावरची शाल टोचत होती, त्यामुळे तीस वर्षांत पहिल्यांदा मी शेवटपर्यंत जागा होतो. तिसरा भाग विझत आला. सगळी वाद्ये दबली आणि खालून कोणी एकटा हळूहळू ठोके देऊ लागला. मला दोन ठोके नीट ऐकू आले, चार आले, आणि मग माझा विराम पडला.

अकरा सेकंद. पाहुण्यांनी समाधानाने माना हलवल्या. गौरेशनी 'होय' लिहिले. मी भिकाजीकडे पाहिले. त्याचे हात सूचनेप्रमाणे मांडीखाली होते. पायाचा अंगठा मात्र सतरंजीवर हलत होता, यंत्रातून तुटलेल्या त्याच लयीत. शेजारी सुमंगलाचा अंगठा हलत होता. मागे बसलेल्या सगळ्यांचे हलत होते. आवाज होत नव्हता. अकरा सेकंद संपून तुताऱ्या आल्या, त्या बरोबर त्या अंगठ्यांच्या समेवर. व्यासपीठावरच्या आम्हां कोणाचेही पाय जमिनीला लागत नव्हते, खुर्च्या फार उंच आणल्या होत्या.

प्रमाणित प्रत आता राज्याबाहेरही जाणार आहे आणि परिचयकार म्हणून मीच जाणार आहे. तुमच्या गावीही येईन. ही हकिगत वाचून तुम्हाला भिकाजीची बाजू पटली असेल, आणि विराम दोनच आहेत हे तुम्ही आता चारचौघांत ठासून सांगाल, याची मला खात्री आहे. सिंफनी मोबाइलवर फुकट मिळते, तेहतीस मिनिटांची आहे. पण तुम्ही ती लावून विराम मोजलेले नाहीत. मी दोन म्हटले, तुम्ही दोन मानलेत. प्रपत्र 'क' सोबत आणतो, पहिल्या रांगेत या.